व्हॅलेन्सियात पाएया शिकताना

आज स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला इथला भात, करायला शिकले. आधी मेर्कादो सेंत्रालमध्ये बाजारहाट. १९२८ साली सुरू झालेली ही मंडई एवढी देखणी आहे की भाजी घ्यायची सोडून मी घुमटाकडेच बघत राहिले.

कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठाले पांढरे पावटे, टोमॅटो, केशर. कांदा नाही. कोळंबी-शिंपल्यांचाही पाएया असतो, पण इथल्या शेतकऱ्यांचा मूळ पाएया हा असा. आणि मला विचाराल तर जास्त चवदारही हाच!

तांदूळ बोम्बा जातीचा, आखूड नि गोलसर, शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराभोवती पिकणारा. तो धुवायचा नाही.

खरी मजा चुलीवर. संत्र्याच्या लाकडांचा जाळ, त्यावर पसरट, उथळ कढई. मांस ऑलिव्ह तेलात सावकाश, अगदी तांबूस होईतो परतायचं. मग शेंगा, टोमॅटो, पापरिका (लाल मिरचीची पूड), पाणी. एकदा तांदूळ पसरला की ढवळायचं नाही म्हणजे नाही. शिकवणाऱ्या काकू शेवटी वाकून चक्क कान देऊन ऐकत होत्या. रटरट थांबून बारीक चरचर सुरू झाली की तळाशी खरवड धरली. तिला सोकार्रात म्हणतात, आणि तिच्यासाठी ताटावर भांडणं होतात म्हणे. होणारच! केशराचा, धुराचा, मांसाच्या रसाचा सगळा अर्क त्या कुरकुरीत थरात उतरलेला असतो.

सगळे कढईभोवती बसलो. लाकडी चमच्याने प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलंच खायचं.

इकडे येणार असाल तर पाएया दुपारी खा. इथली माणसं तो रात्री सहसा खात नाहीत.