ताईच्या लग्नाची कॅसेट आणि आठशे रुपयांचं कॅप्चर कार्ड

चिपळूणच्या घरातलं कपाट आवरताना ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट हाती लागली, 1993 सालची. आजीचा आवाज आता तेवढ्या एका कॅसेटमध्येच उरलाय. ती संगणकावर उतरवून घ्यायचीच, असं तिथल्या तिथे ठरवलं. उशीर करण्यात अर्थही नव्हता. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेसुद्धा 2016 मध्ये उत्पादन बंद केलं, तेव्हा घरातलं चालू यंत्र चालू आहे तोवरच काम उरकायला हवं.

त्यासाठी व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड लागतं. घाईत आधी एचडीएमआयवालं, म्हणजे नव्या टीव्हीच्या केबलचं कार्ड मागवलं. खोक्यावर ठळक 'फोर के', म्हणजे अतिबारीक तपशिलाचं चित्र, असं लिहिलेलं. आमच्या व्हीसीआरच्या मागे मात्र पिवळं आणि पांढरं अशी दोनच सॉकेटं! ते परत केलं आणि मग नीट वाचायला बसलो. व्हीएचएसच्या टेपवर आडवा तपशील असतो तो साधारण 240 रेषांचा. त्याच्यासाठी फोर केचे पैसे मोजायची काहीच गरज नाही. हवं होतं ते पिवळी, पांढरी, लाल पिन घेणारं आणि आपल्याकडची 'पाल' ही टीव्हीच्या चित्राची पद्धत ओळखणारं साधं यूएसबी कार्ड.

अशी कार्डं सातशे-आठशेत मिळतात, पण बाहेरून सारखी दिसणारी दोन कार्डं आतून वेगळी असू शकतात. आत चिप कोणती आहे त्यावर ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची संगणकाला ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, चालणार की नाही ते ठरतं. पहिल्या कार्डासोबत ड्रायव्हरची छोटी सीडी आली. माझ्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नाही, आणि विंडोज 10 त्या कार्डाला ओळखेना. दुसरं घेताना विक्रेत्याला चिपचं नाव आधी विचारलं. यूटीव्ही007 म्हणाला, त्याचा ड्रायव्हर मिळतोय याची खात्री केली आणि मगच पैसे दिले. कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: किंमत नंतर, चिप आधी.

कॅसेट लावण्याआधी झाकण उचलून टेप बघितली. कडेने पांढरी बुरशी धरली होती, पापडावर धरते तशी. कोकणातल्या तीस पावसाळ्यांनी दुसरं काय होणार! अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. खालचे पाच स्क्रू काढले, रिळं बाहेर घेतली आणि मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून टेप हाताने हळूहळू गुंडाळत नेली. दोन संध्याकाळी गेल्या, तोंडाला मास्क लावून. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कागद हेडच्या ड्रमला टेकवून धरला आणि ड्रम हाताने फिरवला. कागद वरखाली अजिबात घासायचा नाही, हेड तुटतं. कागदावर तपकिरी पट्टा उमटला, तेव्हा कुठे समाधान वाटलं.

ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं तर चित्र काळंपांढरं आणि वर सरकत जाणारं. वाटलं, टेप गेली. पण कार्ड मुळातच अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवर लावलेलं होतं. सेटिंगमध्ये 'पाल बी' निवडलं, आकार 720 बाय 576 केला आणि मांडवाची लाल झालर, आंब्याची पानं, सगळं रंगात दिसायला लागलं. हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत होते, ते डीइंटरलेसिंग या दाते घालवणाऱ्या सेटिंगमध्ये 'याडिफ 2एक्स' लावून आणि सेकंदाला 50 फ्रेम ठेवून गेले. मधेच चित्र अडखळायचं. कार्ड यूएसबी हबमधून काढून संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट जोडलं, तेही थांबलं.

आवाज फक्त डाव्या कानात येत होता. आमचा व्हीसीआर मोनो, त्यामुळे पांढऱ्या पिनेतूनच आवाज. ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मोनोची खूण केली.

हेडफोन लावून तीन तास बसलो. मांडवातल्या गलक्यात, घास भरवायच्या वेळी, कोणीतरी आजीला नाव घ्यायला लावतं. ती आधी नाही नाही म्हणते, पदर सावरते आणि मग आजोबांचं नाव घेते. तेवढा तुकडा कापून रात्रीच ताईला पाठवला. तिचा फोन आला, पण बराच वेळ ती काही बोललीच नाही.