तुम्ही विचारलंत म्हणून: मोठे टायर काऊन काढले?

मोर्शीच्या स्टँडवर चहाला थांबलो की कोणी ना कोणी विचारतेच, "भाऊ, ते मोठे टायर काऊन काढले, लय मस्त दिसे गाडी." आता भाच्याने पिकअप घेतली तर त्याचाही पहिला प्रश्न इन्शुरन्सचा नाही, हप्त्याचा नाही, टायरचा. "मामा, ३१ इंची टाकू का?" मी उभ्याउभ्या अर्धवट सांगतो, ऐकणारा अर्धवट ऐकतो आणि पंधरा दिवसांनी टायर टाकून येतो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

माझी गाडी साधी टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर दोनच चाकांना जाणारी पिकअप, संत्र्याचे कॅरेट, कधी सोयाबीन, कधी लोकांचं घरसामान, जे मिळेल ते भाडं. मूळ टायर २१५/७५ आर १५. नागपूरच्या एकाने जीपचे काढलेले ३१ इंची टायर, रुंद रिमसकट, पाचचा सेट, स्वस्तात मिळाला. खोटं काऊन बोलू, दिसण्यासाठीच घेतले. घरी मात्र सांगितलं की पांदण रस्त्याला लागतात.

आता आकडा समजून घ्या, अवघड नाही. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, १५ म्हणजे रिम इंचात. खालची-वरची बाजू आणि मधली रिम मिळवली की टायर उभा ७०३ मिमीच्या आसपास भरतो. ३१ इंची टायरची हीच उभी उंची ३१ इंच, म्हणजे ७८७ मिमी. फरक जवळपास १२ टक्के. मी तेव्हा खुश, गाडी ८४ मिमी वर जाईल म्हणून, आणि टायर बसवल्यावर मोजलं तर वर गेली फक्त ४२ च्या आसपास, कारण एक्सल असतो टायरच्या मधोमध, वाढलेल्या उंचीतली अर्धीच त्याच्या खाली येते. म्हणजे सगळा खटाटोप दीड इंचासाठी, थोडं वरच.

पण त्या १२ टक्क्यांनी काय केलं ते ऐका. आपल्याकडे म्हातारे लोक म्हणतात बंडीचं चाक मोठं पाहिजे, खड्ड्यातून सहज निघते. बरोबरच आहे, पण बैल बंडी ओढतो, चाक फिरवत नाही. गाडीत उलटं काम आहे, एक्सल चाकाला मधून पिळतो आणि चाक रस्त्याला मागे ढकलते. चाक जितकं मोठं तितका रस्ता एक्सलपासून लांब, म्हणजे तेवढ्याच पिळाने जमिनीवर ढकल कमी. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पण पाचही गिअरमधून दहा-अकरा टक्के जोर गेला. टायर हा एका अर्थाने शेवटचा गिअरच आहे, तो बदलला की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे बदलले, दुसरा गिअर अडीचसारखा वागायला लागतो. वर ते टायर वजनाला भारी, प्रत्येक वेळी फिरवायला जोर आणि थांबवायला पण जोर.

रिकाम्या गाडीत हे कळतच नाही, हीच तर मेख आहे. पहिले आठ दिवस मी गावभर सांगत फिरलो की काहीच फरक पडला नाही. मग परतवाड्याहून चिखलदऱ्याला टाइल्सचं भाडं आलं. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर, खालून घाट लागला की वळणामागे वळण. माल पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावर मंजूर वजनापेक्षा जास्त नव्हता, शपथेवर सांगतो. हाच घाट आधी दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढायचो, त्या दिवशी वळणावर वेग पडला की दुसऱ्यात इंजिन धडधडायचं, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, उचलतच नव्हता, आणि पहिल्यात टाकलं की नुसतं बोंबलणं, गाडी पुढे गोगलगाय. दोन्हीच्या मधला गिअर पाहिजे होता आणि तो गाडीत नाही. मग काय, हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा दाबून घासत चढवणं. एका वळणावर वरून एसटी आली, मी थांबलो, पोऱ्याने उतरून मागच्या चाकाला दगड लावला, आणि परत उचलताना दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली ती जळक्या वासासकट. पोऱ्या म्हणते, "दादा, कोणाची तरी गाडी जळून राहिली." मी काही बोललो नाही, माहीत होतं कोणाची ते.

उतरताना अजून एक कळलं जे कोणी सांगत नाही. गिअर लांब झाले, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यात गाडी जास्त पळायला लागली, की इंजिनची अडवणूकही कमी होते. आधी दुसऱ्यात सोडली की गाडी स्वतःच दबून उतरायची, आता सुटायला पाहत होती, रिकामी असून पाय सारखा ब्रेकवर. आणि ब्रेक तर कंपनीने छोट्या चाकाच्या हिशोबाने दिलेले, मोठ्या चाकाला तेवढ्याच थांबायला जास्त दाबावे लागतात. खाली आल्यावर ड्रमजवळ हात नेला, धग लागली. पुढच्याच आठवड्यात क्लच खोलला तर प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली आणि तिला दाबणाऱ्या प्रेशर प्लेटवर तापून निळे डाग पडलेले. मिस्त्रीने ती माझ्यासमोर धरली, टायरकडे पाहिलं, आणि बिल लिहायला घेतलं.

मीटरचं तर विचारूच नका. मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजते. छोटं टायर एका किलोमीटरला ४५२ च्या आसपास फेरे घेते, ३१ वालं ४०४. म्हणजे काट्यावर ६० दिसते तेव्हा गाडी ६७ च्या आसपास असते, ८० दिसते तेव्हा ८९. कंपन्या काटा आधीच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात म्हणून फोनच्या जीपीएसवर फरक जरा कमी दिसेल, पण आहे. मी तर ॲव्हरेज पाहून घाबरलो होतो, १४ देणारी गाडी साडेअकरावर आली म्हणून. मग लक्षात आलं की किलोमीटरच कमी मोजले जात आहेत, हिशोब केला तर खरं तेराच्या जवळ. म्हणजे डिझेल वाढलंच, पण दिसत होतं तेवढं नाही. काही जण म्हणतात की लांब गिअरने हायवेला इंजिन कमी फिरते, मग डिझेल वाचलं पाहिजे. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर कदाचित. भरलेल्या गाडीत पाचवा गिअर ओढतच नाही, चौथ्यातच चालवावी लागते, मग कसला फायदा.

आता पांदण रस्ता, ज्याच्या नावावर टायर घेतले होते. आपली काळी माती ओली झाली की चिखल नाही होत, लेप होतो. टायरच्या नक्षीत भरते, मग खालचं टायर गुळगुळीत, मोठं असो की छोटं. परतीच्या पावसात एका बागेतून कॅरेट काढत होतो, रुंद टायर मातीवर तरंगले पण पकड काही धरेना, आणि टायर आणि मडगार्डमधली जागा आधीच कमी झालेली, तिथे माती ठासून भरली. चाक अक्षरशः फिरायचं थांबलं. बागवाल्याने सब्बल आणली, मी आणि पोऱ्या अर्धा तास मडगार्डातून माती काढत होतो, माती पण कशी, जुन्या गुळाच्या ढेपेसारखी, ठोकली की तुकडा पडायचा. शेजारच्या वावरातून एक जण जुनी पिकअप, कंपनीचे अरुंद टायर, मागे माल भरलेला, घेऊन हळूहळू निघून गेला, माझ्याकडे पाहून हसला पण नाही, तेच जास्त लागलं.

बाकी छोटंमोठं बरंच. पूर्ण वळवलं की टायर घासायचं. स्टिअरिंग जड झालं, बॉल जॉइंट वाजायला लागले. स्टेपनी खाली मावेना म्हणून डाल्यात, म्हणजे मागे माल भरतो तिथे ठेवावी लागली, म्हणजे दर फेरीला कॅरेटची एक रांग कमी, ते नुकसान तर मी कितीतरी दिवस धरलंच नव्हतं. आणि मोठं टायर जास्त वजन झेलते हा पण भ्रम. टायरच्या बाजूला साइजनंतर लोड इंडेक्स असतो, १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १०३०, एका टायरचं. तो वाचा, रुंदी पाहू नका, जीपचं टायर मालगाडीसाठी बनलेलं नसते. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या बांधणीपेक्षा आणि आरसीपेक्षा गाडी वेगळी झालेली चालत नाही, ॲक्सिडंट झाला तर इन्शुरन्सवाला पहिले हेच काढेल.

भाचा म्हणतो, "मामा, व्हिडिओत तर ते अमेरिकेवाले ३५ इंची टाकतात." टाकतात, पण ते सोबत क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली चाकांना जोर देणारी दातेरी चक्रांची जोडी पण बदलतात. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो, ४१ ला १० असेल तर ४.१०. उदाहरणच आहे हे, तुमच्या गाडीचा वेगळा असेल. १२ टक्के मोठं टायर टाकलं की तो ३.६६ असल्यासारखा वागतो. परत मूळ जोर पाहिजे तर ४१ ला ९, म्हणजे ४.५६ ची जोडी टाकायची, हिशोब जवळपास जुळतो. तिकडच्या पिकअपला असे सेट तयार विकत मिळतात. आपल्या गाडीला शोधत बसा, मिळालं तर जोडीनेच टाका, आणि दातांमधल्या फटी बरोबर बसवणारा मिस्त्री शोधा, नाहीतर त्या जोडीच्या डब्यातून, हाउसिंगमधून, रडल्यासारखा आवाज सुरू होतो तो थांबत नाही. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी गाडी असेल तर पुढचं पण बदलावं लागते. एवढ्या पैशात माझं एक वर्षाचं डिझेल निघते.

मी आता २३५/७५ आर १५ वर आहे, मालगाडीचेच टायर, नक्षी जरा खोल. फरक सव्वाचार टक्के, घाटात थोडं जाणवते पण दुसरा गिअर दुसराच राहिला आहे. खरं तर कंपनीचाच साइज ठेवला असता तरी चाललं असतं, पण मन पूर्ण मानत नाही ना. भाच्याला म्हटलं, टाकायचंच असेल तर आधी गाडी पूर्ण भर, सालबर्डीकडे किंवा घाटात कुठेही जा, सर्वात वाईट चढावर दुसऱ्यात थांबवून परत उचल. तिथे आत्ताच कुंथत असेल तर विषय संपला.

३१ वाल्यांचं विचाराल तर चार टायर रिमसकट एकाने नेले, जीपवालाच होता, त्याला शोभतील. पाचवं त्याला नको होतं. ते गोठ्यात आडवं पडलं आहे, माय त्यात कुटार टाकते, वासरू दिवसभर तोंड घालून उभं असते.