शेबाच्या राणीचं बंदर: आभाळ चौथ्यांदा खरवडलं

क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या 'शेबाच्या राणीचं बंदर' या चित्राची मी तेलरंगात नक्कल करतोय. मागच्या खेपेला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आभाळ उरकलं, आता इमारतींना हात घालतो. ते विसरा. दुसऱ्याच दिवशी कॅनव्हास उजेडात बघावा म्हणून बाल्कनीत नेला, तर आई मागून म्हणाली, "हे काय रे, अर्धवट पिकलेल्या पपईसारखं?" बघतो तर खरंच. सूर्याभोवतीचा पिवळा वर जाऊन निळ्याला भेटतो तिथे चांगला चार बोटं रुंद हिरवट पट्टा. रात्री एलईडीखाली तो दिसलाच नव्हता. यापुढे ट्यूबलाइटमध्ये रंग ठरवणार नाही, हे आता तुम्हा सगळ्यांसमक्ष.

क्लोदचं मूळ चित्र १६४८ चं, १४९.१ × १९६.७ सेंटिमीटर. माझा कॅनव्हास १८ × २४ इंच, त्यामुळे प्रमाण जवळजवळ जुळतं. पण आकार लहान झाला की पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचा प्रवासही आखूड होतो आणि प्रत्येक चूक ओरडून दिसते. क्लोदकडे जो बदल हातभर अंतरात होतो, तो मला वितीत बसवायचाय.

आधी पांढरा वाढवून बघितला. टायटॅनियमचा पांढरा मोहरीएवढा घेतला तरी सगळ्या छटा गिळून पांढराफटक करतो, वर खडूसारखा थंडपणा येतो तो वेगळाच. क्लोदच्या हाताशी शिशाचा पांढरा होता. तो उबदार, आणि टायटॅनियमइतका दांडगाई करणारा नाही. पण माझं रंगकाम स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत चालतं, तिथे शिसं आणणार नाही, विषय संपला. झिंकचा पांढरा तेलात ठिसूळ होतो, तोही नको. मग सुकलेल्या निळ्यावर पिवळा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दिला. निळ्यावर पिवळा! हिरवा गडद झाला, दुसरं काय होणार. तिसऱ्यांदा फॅन ब्रशने (पंख्यासारखा पसरट ब्रश) ओल्यातच मिसळलं, तर आभाळ विंचरल्यासारखं दिसायला लागलं. प्रत्येक वेळी पॅलेट नाईफ, चिंधी, टर्पेंटाइन आणि डोकेदुखी.

पिवळ्याचंही एक रडगाणं. माझ्या नेहमीच्या दुकानातून आणलेली 'नेपल्स यलो ह्यू' ट्यूब (ह्यू म्हणजे मूळ रंगाची नक्कल) निघाली पांढरा, गेरू आणि कॅडमियमची मिसळ. पांढऱ्यात मिसळली की थेट नारिंगीकडे पळते. ट्यूबच्या पाठीवरचा पिगमेंटचा नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, नावावर तर मुळीच जाऊ नका. आता निकेल टायटनेट वापरतोय, पिगमेंट नंबर पीवाय ५३. फिका, किंचित लिंबाकडे झुकणारा, क्लोदच्या काळातल्या शिसं-कथिलाच्या पिवळ्याला बराच जवळचा. तो जुना पिवळा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर वापरातून असा गेला की १९४१ मध्ये रिचर्ड याकोबीने जुन्या चित्रांत कथिल सापडल्यावर तो नव्याने ओळखला. दोनशे वर्षं लोक ते पिवळे बघत होते आणि हा रंग कशाचा हे कोणाला माहीत नव्हतं!

तर गाडी कुठे सुटली ते सांगतो. काळ्या कागदाला पेन्सिलीएवढं भोक पाडलं आणि स्क्रीनवरच्या मोठ्या प्रतिमेवर ते सूर्यापासून सरळ वर सरकवत नेलं. मला वाटत होतं पिवळा हळूहळू निळा होतो. तसं मला कुठेच दिसलं नाही. मध्ये एक पट्टा लागला, त्यात ना पिवळा ना निळा. दुधावरच्या जुन्या सायीसारखा, जरा मळकट. पिवळा त्यात विरतो आणि निळा त्यातून उगवतो, दोघांची गाठच पडत नाही. पांढरा, थोडा यलो ऑकर, सुईच्या टोकावर मावेल इतका लाइट रेड आणि रॉ अंबर असा तो काचेवर घोटला. पॅलेटवर इतका कळकट दिसला की आई म्हणाली, हा तर भिंतीला मारायचा प्रायमर. कॅनव्हासवर दोन रंगांच्या मध्ये बसला आणि चमकायला लागला.

राहिली घोटाई. या चित्रात क्लोदने छटा एकमेकींत मिसळायला बोटांची टोकं आणि तळहात वापरलेत. हे मी कधीच वाचलं होतं आणि गंमत म्हणून सोडून दिलं होतं. चौथ्यांदा खरवडल्यावर नायट्राइलचा हातमोजा चढवला (कॅडमियम आहे, मोजा हवाच) आणि तर्जनीच्या पेराने थोपटत गेलो. घासायचं नाही, थोपटायचं, आणि दर पाच-सहा थोपट्यांनी मोजा पुसायचा. वीस मिनिटांत ब्रशची एकही रेघ उरली नाही. तळहात मात्र मला जमला नाही, सगळा रंगच उचलून आला.

मग फोन बंद करून त्याच्या काळ्या काचेत चित्र बघितलं. क्लोदच्या नावाने अठराव्या शतकात गडद आरसे विकले जायचे, त्याची ही फुकटातली आवृत्ती. (त्याने स्वतः असला आरसा वापरल्याचा पुरावा नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) काचेत आभाळ एकसंध, सूर्य जागेवर, हिरवा गायब. मी एकटाच हसलो.

पण त्याच काचेत दुसरी गोची दिसली. डावीकडचे खांब फार फिके झालेत. रंग पांढऱ्यापेक्षा उजळ होऊच शकत नाही, म्हणून सूर्य पेटवायचा तर बाकी सगळं दाबावं लागतं. इमारतींवर सरळ तेलरंग चढवायचा बेत होता, तो हे लिहिता लिहिताच बदलतोय. क्लोद आपल्या चित्रांची नोंद ज्या 'लिबर व्हेरितातिस' वहीत ठेवायचा, तिच्यात पांढऱ्या कागदांबरोबर निळे कागदही आहेत. निळ्यावर तपकिरी वॉश (पाण्यात पातळ केलेला रंग) आणि वर पांढरा दिला की मधला टोन, म्हणजे उजेड-अंधारातली मधली पायरी, कागदच सांभाळतो. आधी तसाच एक टोनचा अभ्यास करतो, पोस्टकार्डाएवढा. निळा कागद पतंगवाल्याकडे मिळेल असं वाटलं होतं, पण तो पातळ, वॉश दिला की चुरगळणार. पांढऱ्या हँडमेड कागदालाच निळा वॉश देऊन बघतो. हा अभ्यास जमला तर जोडीचं 'गिरणी'चं चित्र पुढच्या उन्हाळ्यात. ती दोन्ही ड्यूक द बुइयाँ या फ्रेंच सरदारासाठी केलेली आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, एक करून दुसरं सोडणं बरं दिसत नाही.

तोवर आभाळ सुकायला हवं. या हवेत रंगातलं जवसाचं तेल सुकायला तयार नाही, चौथा दिवस आहे आणि अजून बोटाला चिकटतंय. कॅनव्हास कपाटावर तोंड भिंतीकडे करून ठेवला होता, तरी काल रात्री दिव्यावर आलेलं एक चिलट नेमकं सूर्यावर जाऊन बसलं. चिमट्याने काढायला गेलो तर पाय तिथेच राहिले. सुकल्यावर ब्लेडने काढेन.