काटापावतीचा नववा आकडा

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ऐन हंगामात काटापावतीचे (गाडीच्या वजनाच्या पावतीचे) क्रमांक संपत आले होते. क्रमांक आठ आकडी: वर्षाचे दोन, काट्याचे दोन, अनुक्रमाचे चार. म्हणजे एका काट्यावर ९,९९९ गाड्या झाल्या की पुढे जागा नाही. हाच क्रमांक डेटाबेसमध्ये पावती टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) आणि ग्रेडिंग व चुकारा (कापसाचे पैसे देणं) या टेबलांत फॉरेन की (त्या ओळखीकडे बोट दाखवणारा कॉलम). म्हणून अनुक्रमाला एक आकडा वाढवायचा, तर हा कॉलम सगळीकडे रुंद करावा लागणार होता. मुनीमजींची अट एकच होती, "जुने नंबर बदलवू नका भाऊ, कागद कास्तकाराजवळ (शेतकऱ्याजवळ) हाये." ती रास्तच होती.

एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे हा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, अशा कॉलमची लांबी थेट बदलू देत नाही, एरर ५०७४ येतो. काटा बंद झाल्यावर पूर्ण बॅकअप घेतला, दुसऱ्या मशीनवर रिस्टोर केला आणि आधी त्या कॉपीवरच सगळं करून पाहिलं. पहिल्यांदा फॉरेन की काढल्या, मग साधे इंडेक्स (नोंदी लवकर सापडण्यासाठीच्या याद्या), शेवटी प्रायमरी की. ही की क्लस्टर्ड, म्हणजे टेबलातल्या नोंदी तिच्याच क्रमाने ठेवलेल्या; ती आधी काढली तर बाकीचे इंडेक्स सर्व्हर विनाकारण पुन्हा बांधतो. तिन्ही टेबलांत व्हारकॅर (मजकुराच्या कॉलमची कमाल लांबी) ८ चे १२ केले. 'नॉट नल' (कॉलम रिकामा चालणार नाही) हे पुन्हा लिहावंच लागतं. ते लिहायचं राहून गेलं तर कॉलम नल (रिकामी किंमत) घेऊ लागतो आणि की परत बसत नाही, एरर ८१११. लाइटचा भरवसा नसल्यामुळे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं, म्हणजे झालं तर पूर्ण होईल, नाहीतर काहीच होणार नाही.

खरा धोका पुढे होता. कॉपीवर २५०११०००० ही चाचणीची पावती टाकून चुकारा केला, तर तो २५०११००० वर चढला, म्हणजे भलत्याच कास्तकाराच्या नावावर! चुकारा नोंदवणाऱ्या प्रोसीजरचा (सर्व्हरवर साठवलेल्या छोट्या प्रोग्रामचा) पॅरामीटर, म्हणजे तिला क्रमांक देण्याची जागा, अजून व्हारकॅर ८ होती. टेबलात लांब मजकूर घुसवला तर सर्व्हर ओरडतो. पॅरामीटरमध्ये मात्र मुकाट्याने कापतो. कापलेला क्रमांक खराच अस्तित्वात असल्यामुळे फॉरेन कीनेही अडवलं नाही. असे पॅरामीटर सिस डॉट पॅरामीटर्स या सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत सापडतात, पण प्रोसीजरच्या आतली व्हेरिएबल्स तिथे दिसत नाहीत. ती सिस डॉट एसक्यूएल मोड्यूल्समधल्या, प्रोसीजरच्या कोडच्या, मजकुरात शोधावी लागली.

पुढचा क्रमांक 'मॅक्स'ने, म्हणजे आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक शोधून, निघत होता, तेही अडलं. मजकूर म्हणून २५०१९९९९ हा २५०११०००० पेक्षा मोठा ठरतो, म्हणून दहा हजारावी पावती पुन्हा बनू पाहते आणि एरर २६२७ (क्रमांक आधीच आहे) येतो. पाचव्या अक्षरापासूनचा भाग इंट (पूर्णांक) करून त्यावर 'मॅक्स' लावला.

हे सगळं कॉपीवर जमल्यावरच खऱ्या डेटाबेसला हात लावला. छापील पावतीतला क्रमांकाचा रकानाही आठच आकड्यांचा होता, तो रुंद केला. नाहीतर कागदावर शेवटचं शून्य उडालं असतं आणि कास्तकार चुकाऱ्याच्या खिडकीवर दुसऱ्याचाच नंबर घेऊन उभा राहिला असता.