मीडची पहिली खेप

मध आंबवून केलेल्या पेयाला इंग्रजीत ‘मीड’ म्हणतात आणि वेल्शमध्येही त्याच्या जवळचाच शब्द आहे. हे दोन्ही शब्द आणि आपला ‘मध’ एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. वेल्समधल्या स्वान्सीला राहायला आल्यावर हे कळले तेव्हापासून हे पेय एकदा स्वतः करून पाहावे असे मनात होते. महाराष्ट्रात असते तर दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ते करता आले नसते. इथे मात्र विकायचे नसेल तर घरी करायला मुभा आहे. म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी साडेचार लिटरचा काचेचा बुधला, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारे पण बाहेरची हवा आत न येऊ देणारे बूच), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन) आणि 71बी नावाच्या यीस्टचे पाकीट आणले.

बाजारातून घेतलेला 1.4 किलो रानफुलांचा मध थंडीने पार साखरला होता. बरण्या कोमट पाण्यात ठेवून तो पातळ केला, पण उकळला नाही, कारण मधाचा सुगंध उकळीबरोबर निघून जातो आणि इतक्या चांगल्या मधाचा सुगंध घालवणे मला पटत नव्हते. जंतुनाशकाने धुतलेल्या बुधल्यात मध आणि पाणी मिळून साडेचार लिटर केले, हवा मिसळावी म्हणून जोराने हलवले आणि यीस्ट घातले. हायड्रोमीटरने 1.092 दाखवले; शुद्ध पाण्याचा आकडा 1.000 असतो आणि साखर आंबून संपत जाते तसा आकडा खाली येतो. जुन्या पद्धतीत सांगतात त्याप्रमाणे मूठभर मनुकाही टाकल्या.

दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून बुडबुडे येऊ लागले, पण पाचव्या दिवशी ते जवळजवळ थांबले आणि सहाव्या दिवशी बुधल्याला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. आकडा 1.075 वरच अडला होता. घर थंड असल्यामुळे असे झाले असावे, असे मला वाटले. फोनवर आईने सांगितले की थंडीत विरजण लागत नाही तेव्हा आपण भांडे गुंडाळून उबेला ठेवतो, तसेच कर. तिचे ऐकून मी बुधल्याला घोंगडी गुंडाळली. तापमान 15 अंशांवरून 19 वर आले, परंतु वास गेला नाही.

इथे माझी मूळ समजूतच चुकली होती. मधात जवळपास ऐंशी टक्के साखर असते, म्हणून यीस्टला त्यात काही कमी पडणार नाही असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात साखरेतून यीस्टला ऊर्जा मिळते, पण वाढण्यासाठी लागणारा नायट्रोजन मधात फारच थोडा असतो. द्राक्षाच्या रसात तो बऱ्यापैकी असतो, दुधात तर विरजणाला लागणारे सगळेच असते, म्हणून वाइनचा किंवा दह्याचा अनुभव इथे पुरा पडत नाही. उपाशी पडलेले यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडते आणि तोच तो अंड्याचा वास. मूठभर मनुकांनी ही भूक भागत नाही.

उपाय साधा होता: यीस्टला नायट्रोजन पुरवणारा क्षार, डायअमोनियम फॉस्फेट. साखरेचा पहिला एक तृतीयांश हिस्सा संपण्याच्या आत ते द्यायचे असते आणि माझ्या सुदैवाने ती वेळ अजून गेलेली नव्हती. मी दोन ग्रॅम कोरडी पूड थेट बुधल्यात टाकली आणि क्षणात फेस उसळून तोंडावाटे बाहेर आला. द्रवात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडला पुडीच्या कणांवर बुडबुडे धरायला जागा मिळाली की असे होते. कपभर मीड ओट्यावरून वाहून गेली. दोन दिवसांनी उरलेले दोन ग्रॅम देताना बुधला आधी हळूहळू ढवळून वायू काढून टाकला आणि पूड थोड्या पाण्यात विरघळवून घातली. आठवड्याभरात वास पूर्ण गेला आणि आकडा रोज खाली येऊ लागला.

पुढचे महिने सांगण्यासारखे फारसे काही नाही. जानेवारीत आकडा 1.002 वर स्थिरावला, म्हणजे मद्यार्क बारा टक्क्यांच्या किंचित खाली. गाळावरून निवळ नळीने दुसऱ्या बुधल्यात काढली आणि जुलैपर्यंत तिला हात लावला नाही. बाटल्या भरण्याची घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण शिल्लक साखर बंद बाटलीत पुन्हा आंबू लागली तर काच फुटू शकते.

पाच बाटल्या भरल्या. जानेवारीत जिभेला चटका देणारी ती चव जुलैत मऊ झाली होती. गोडी नाही, पण घोट गिळल्यावर मागे रानफुलांचा वास रेंगाळतो, आणि तो अगदी बरणी उघडताना आला होता तसाच आहे. तीन बाटल्या वर्षभर ठेवणार आहे. दुसऱ्या खेपेचा मध आणून झाला आहे, आणि या वेळी त्या फॉस्फेटच्या एकेक ग्रॅमच्या चार पुड्या आधीच बांधून ठेवल्या आहेत: पहिले तीन दिवस रोज एक, आणि चौथी आकडा 1.061 वर येण्याच्या, म्हणजे एक तृतीयांश साखर संपण्याच्या सुमारास.