काळे ठिपके आणि श्रावणातली हवा

वडोदऱ्यात ऐन श्रावणात ओएलईडी, म्हणजे वीज दिली की उजळणारे सेंद्रिय पदार्थांचे डायोड, बनवायचे म्हणजे हवेतल्या ओलाव्याशी गाठ. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत एकाच खेपेच्या दोन काचा तयार झाल्या होत्या. आयटीओ या वीजवाहक ऑक्साइडच्या पारदर्शक थरावर एनपीबी हा सेंद्रिय पदार्थ, त्यावर सुमारे ६० नॅनोमीटर जाडीचा एएलक्यू३ हा दुसरा सेंद्रिय पदार्थ आणि शेवटी लिथियम फ्लोराइड व ॲल्युमिनियमचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन आत सोडणारा थर, हे सारे निर्वात कक्षात पदार्थ तापवून, त्यांची वाफ काचेवर बसवून केलेले. कोडॅकच्या तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये १० व्होल्टच्या आत उजळणारा जो डायोड दाखवला, त्यात प्रकाश देणारा पदार्थ हाच एएलक्यू३ होता.

एक काच आम्ही नायट्रोजनच्या पेटीतच दुसरी काच चिकटवून बंद केली आणि दुसरी मुद्दाम उघडी ठेवली. सकाळी दोन्हींवरचे प्रकाश देणारे चौकोन सारखेच, एकसंध हिरवे उजळले. दुपारी उघड्या काचेवर काळे ठिपके दिसू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी गोल होते, काहींच्या मधोमध धुळीचा बारीक कण स्पष्ट दिसत होता, आणि पाहता पाहता त्यांच्या कडा बाहेर सरकत होत्या. तेवढ्यात माझी ज्युनिअर म्हणाली, "ताई, हा कोपऱ्यातला चौकोन तर आपण सकाळनंतर पेटवलाच नव्हता, तरी त्यातही तेवढेच ठिपके आहेत." तिचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले, कारण दोष विद्युतप्रवाहाचा नव्हता, हे त्यातून उघड झाले.

मग मॅडमनी अतिनील दिवा मागवला. काचेच्या बाजूने तो धरताच सबंध चौकोन हिरवा चमकला. जिथे ठिपके होते, तिथेसुद्धा. म्हणजे एएलक्यू३ शाबूत होता. धुळीच्या कणाशेजारच्या छिद्रातून पाण्याची वाफ आत शिरली होती आणि तिने कॅथोडचा सेंद्रिय थराशी असलेला संपर्क तोडला होता. इलेक्ट्रॉन आत येणार नसतील तर पदार्थ कितीही चांगला असो, तिथे उजेड पडत नाही.

ठिपके किती पडणार हे थर चढवतानाची धूळ ठरवते, ते किती वेगाने वाढणार हे ओलावा ठरवतो. तोवर या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच तक्त्यात नोंदवत होतो. संध्याकाळी बंद काचेचे चौकोन अजून एकसंध उजळत असताना मॅडमनी वहीत दोन वेगळे तक्ते आखायला लावले आणि ज्युनिअरने पुढच्या खेपेच्या काचा ॲसिटोनमध्ये धुवायला घेतल्या.