लंडनहून मुंबई, डिसेंबर २०२१ : तीन कोरोना-चाचण्या आणि बंद दाराआडचा आठवडा

मी २१ डिसेंबर २०२१ च्या रात्री लंडनहून मुंबईला निघाले आणि १५ जानेवारी २०२२ रोजी परत फिरले. मधल्या दिवसांपैकी आईच्या शेजारी बसून काढता आले ते जेमतेम सहा. तरीही हा प्रवास केल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि कोरोनाकाळात याच वाटेने जाणाऱ्यांना कशातून जावे लागत होते ते कळावे म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे. यातले नियम मी प्रवास केला त्या वेळचे आहेत, आज ते लागू नाहीत. प्रवासादरम्यान जे बदलले ते जिथल्या तिथे सांगितले आहे.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिला दम्याचा जुना त्रास आहे. फेब्रुवारी २०२० नंतर आमची भेट नव्हती. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे १५ डिसेंबरपासून सुरू करायचे जाहीर केले, आणि कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकारामुळे तो निर्णय १ डिसेंबरलाच स्थगित झाला. मात्र ब्रिटनशी असलेल्या ‘एअर बबल’, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादित उड्डाणांच्या, व्यवस्थेतील विमाने चालू होती आणि माझे तिकीट त्यातलेच असल्यामुळे ते टिकले. १ डिसेंबरपासून लागू झालेल्या नियमावलीत ब्रिटन ‘जोखमीच्या देशां’च्या यादीत होते. याचा अर्थ असा, की लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असोत वा नसोत, प्रवासापूर्वी एक, विमानतळावर उतरल्यावर दुसरी आणि सात दिवसांच्या गृह विलगीकरणानंतर आठव्या दिवशी तिसरी, अशा तीन आरटी-पीसीआर चाचण्या प्रत्येकाला करणे भाग होते. पाच वर्षांखालील मुलांना, लक्षणे नसतील तर, चाचण्यांतून सूट होती.

पहिल्या चाचणीचा नमुना निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतला असावा लागे. बहुतेकांची गफलत होत असे ती या तासांच्या हिशेबात, आणि माझीही होता होता राहिली. हे तास अहवाल हाती आल्यापासून नव्हे, तर नमुना घेतल्याच्या क्षणापासून मोजत. माझे विमान मंगळवारी रात्री नऊचे होते, म्हणजे शनिवारी रात्री नऊनंतर दिलेला नमुनाच चालणार होता. मी मात्र ‘तीन दिवस आधी’ एवढेच डोक्यात ठेवून शनिवारी दुपारी चारची वेळ घेऊन बसले होते. शुक्रवारी रात्री कागदावर तास मांडून पाहिले तेव्हा ते सत्त्याहत्तर भरले. धावपळ करून रविवारी सकाळी दहाची वेळ मिळवली. अगदी काठावरची वेळ घेऊ नये असे माझे मत झाले, कारण विमान चार-पाच तास उशिरा सुटले तर नियमात बसणारा अहवाल डोळ्यांदेखत नियमाबाहेर जात असे. उलट फार उशिरा नमुना दिला तर अहवाल वेळेत येईल की नाही याचा घोर लागे. निघण्यापूर्वी साधारण पन्नास ते साठ तासांच्या दरम्यान नमुना दिला, तर दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळीक राहत असे.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची मोफत चाचणी प्रवासासाठी चालत नव्हती. खासगी प्रयोगशाळेतच जावे लागे. तिथे चाचणीचा प्रकार विचारून घ्यावा लागे. झटपट निकाल देणारी अँटिजेन चाचणी काही देशांना चालत असली तरी भारताला आरटी-पीसीआरच हवी असे, आणि अहवालावर तो शब्द स्पष्ट छापलेला असावा लागे.

अहवाल सोमवारी रात्री अकराला आला. निगेटिव्ह होता, पण नाव अर्धवट होते. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि मग आडनाव येते. लॅबच्या अर्जात मी सवयीने नाव-आडनाव एवढेच भरले होते. एरवी कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु विमानतळावरचा कर्मचारी पासपोर्ट आणि अहवाल शेजारी शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवतो, हे मी आधी ऐकले होते. रात्रीच ईमेल पाठवली आणि सकाळी सातपासून फोन लावत राहिले, तेव्हा कुठे साडेअकराला दुरुस्त अहवाल मिळाला. तुम्ही नाव भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि जसे छापले आहे तसेच उतरवा. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ या बाबी अहवालावर आहेत ना, हे तो हाती पडताच तपासा.

त्यानंतर भारत सरकारच्या ‘एअर सुविधा’ पोर्टलवर स्वयंघोषणापत्र भरायचे असे. मागच्या चौदा दिवसांत कोणकोणत्या देशांत गेला होता, विमानाचा क्रमांक, आसनाचा क्रमांक, भारतातला पत्ता असे तपशील द्यावे लागत आणि पासपोर्टची प्रत व अहवाल पीडीएफ स्वरूपात जोडावा लागे. अहवाल खरा असल्याची हमी आपण देतो आणि तो खोटा निघाल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते, हेही त्यात नमूद असे. आसनाचा क्रमांक का मागत याचे मला नवल वाटले होते. एखादा प्रवासी बाधित निघाला, तर त्याच्या रांगेतले, पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगांतले प्रवासी व विमानातले कर्मचारी त्याचे संपर्क धरले जात, हे वाचल्यावर कारण उमगले. म्हणून विमानात जागा बदलली तर नवा क्रमांक टिपून ठेवणे गरजेचे होते. ती अदलाबदल आपल्याला क्षुल्लक वाटे, पण भलत्याच माणसाला फोन जाण्याला आणि खऱ्या संपर्काला फोन न जाण्याला तीच कारण होई.

जोखमीच्या देशांतून मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांवर उतरणाऱ्यांना २० डिसेंबरपासून तिथल्या चाचणीचे आगाऊ आरक्षणही सक्तीचे झाले. ते तिकिटाबरोबरच उरकून टाकणे सोयीचे होते. साधी आणि जलद असे दोन पर्याय असत. जलद चाचणी बरीच महाग पडे, पण बरोबर वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर त्या पैशांचा विचार करू नये असेच मी म्हणेन. मी एकटी होते म्हणून साधी निवडली आणि सकाळी अकराला उतरून संध्याकाळी सहाला बाहेर पडले. प्रतीक्षाकक्षात खुर्च्या अंतर ठेवून मांडलेल्या होत्या. मात्र पाण्याच्या यंत्रापाशी आणि चार्जिंगच्या खांबाभोवती माणसे एकमेकांना खेटून उभी होती, मास्क हनुवटीवर उतरवून फोनवर घरच्यांशी बोलत होती. थकलेल्या माणसांना दोष देववत नाही, पण त्या सात तासांत मी तिथे काही खाल्ले नाही, आणि इतरांनीही कोपरा गाठूनच खावे असे मला वाटले. पुढच्या विमानाने दुसऱ्या गावी जायचे असेल तर निकाल येईपर्यंत ते पकडता येत नसे. म्हणून जोडविमानात किमान आठ-नऊ तासांचे अंतर ठेवावे लागे.

इथवरचे सगळे नीट पार पडे, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कागद पाहायला उभे असे. खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्याची, आणि या लेखनामागचे खरे कारणही तेच आहे. विमानतळाबाहेर निगेटिव्ह अहवाल हातात घेऊन येणाऱ्या माणसाला आपण सुटलो असे वाटे. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या एका कुटुंबाला न्यायला दहा-बारा जण आले होते आणि आजीने नातवाला तिथेच उराशी धरले. तो क्षण पाहून मला भरून आले आणि भीतीही वाटली. विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले काही दिवस चाचणीत सापडेल इतका वाढलेला नसतो. त्यामुळे प्रवासाआधीची चाचणी लंडनमध्ये रविवारपर्यंत काय झाले ते सांगते, विमानतळावरची त्यात थोडी भर घालते. पण मेट्रोत, विमानात किंवा त्या प्रतीक्षाकक्षात लागण झाली असेल, तर ती या दोन्हींत दिसत नाही. ती पकडण्यासाठीच सात दिवसांचे विलगीकरण आणि आठव्या दिवसाची चाचणी होती. नेमकी हीच चाचणी लोक टाळत, कारण तिथे अडवायला कोणी नसे.

भावाने आईच्या घरातली रस्त्याकडची खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. त्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे. ते नसेल तर वयस्कर माणसाच्या घरी विलगीकरणात राहू नये, नातेवाइकांचे रिकामे घर किंवा हॉटेल बघावे, असे मी कळकळीने सांगते. दारापाशी स्टूल ठेवले होते. आई ताट त्यावर ठेवायची, कडी वाजवायची आणि चार पावले मागे जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहायची. मी मास्क लावून दार उघडायचे, ताट आत घ्यायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “अगं, इतक्या लांबून आलीस आणि तुला नुसतं बघायचं का मी? कागदावर लिहिलंय ना तुला काही नाही म्हणून?” मी तिला त्या कागदाचा अर्थ समजावला, पण तो तिला पटला असे वाटत नाही. ती थांबली ती माझ्या शब्दासाठी. खिडकी दिवसभर उघडी ठेवली, ताट-वाटी मीच आतल्या बेसिनमध्ये धुतली आणि चादरी आठवडाभर खोलीतच राहिल्या. महापालिकेच्या वॉर्डमधून रोज फोन येत असे. ताप आहे का, घरातच आहात ना, असे विचारत. यासाठी भारतात चालणारा क्रमांक घोषणापत्रात देणे गरजेचे होते. माझा परदेशी क्रमांक पहिल्या दिवशी लागलाच नाही, आणि पर्यायी म्हणून दिलेल्या भावाच्या क्रमांकामुळे वेळ निभावली.

पोहोचले तो दिवस सोडून सात दिवस मोजले आणि ३० डिसेंबरला लॅबचा माणूस घरी येऊन नमुना घेऊन गेला. ही वेळ आठवडाभर आधीच ठरवून ठेवावी लागे, कारण रुग्ण वाढले की घरी येणाऱ्यांच्या वेळा लगेच भरत. आणि अर्जावर आपण आंतरराष्ट्रीय प्रवासी असल्याची नोंद पासपोर्ट क्रमांकासह करायला सांगावे लागे. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. आदल्या दिवशी घसा किंचित खवखवला होता आणि तो मी धुळीवर ढकलला होता. रात्री अहवाल आला तो पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे नमुना जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे विषाणूचा नेमका प्रकार ओळखण्यासाठी, पाठवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेतून मला पालिकेने ठरवलेल्या विलगीकरण केंद्रात नेण्यात आले. जिना उतरताना आई उंबऱ्यातच उभी होती. ती रडली नाही, फक्त “औषधं घेतलीस ना?” एवढेच विचारले. तिची आणि भावाची चाचणी त्याच दिवशी झाली आणि पाच दिवसांनी पुन्हा झाली. दोन्ही वेळा दोघेही निगेटिव्ह होते.

केंद्रात नऊ दिवस काढले. जेवण, औषधे, डॉक्टरांची फेरी यांबद्दल काही तक्रार नाही. सामानात भरून ठेवायच्या म्हणाल तर चार्जरची लांब वायर, स्वतःचा थर्मामीटर, नेहमीची औषधे लेखी चिठ्ठीसह आणि सर्व अहवालांच्या छापील प्रती एवढ्या गोष्टी हव्यातच. छापील प्रती यासाठी, की फोनची बॅटरी संपली की माणसाकडे दाखवायला काहीच उरत नाही. ९ जानेवारीला घरी आले, दार उघडेच होते, आणि या वेळी आई स्टुलापाशी थांबली नाही.

आता परतीविषयी थोडेसे. ब्रिटनला जाण्यापूर्वी दोन दिवसांच्या आत चाचणी करण्याची डिसेंबरमध्ये लावलेली अट ७ जानेवारीपासून इंग्लंडने लस पूर्ण झालेल्यांसाठी काढली आणि ९ जानेवारीपासून तिथे पोहोचल्यावरची दुसऱ्या दिवसापर्यंतची चाचणी लॅटरल फ्लो, म्हणजे झटपट निकाल देणाऱ्या अँटिजेन, पद्धतीने करायला परवानगी दिली. नुकत्याच बऱ्या झालेल्यांसाठी ही मोठी सोय होती, कारण आजार सरल्यावरही पीसीआर चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. ही लॅटरल फ्लो मात्र खासगी पुरवठादाराकडूनच विकत घ्यावी लागे आणि तिचा संदर्भ क्रमांक पॅसेंजर लोकेटर फॉर्ममध्ये, म्हणजे प्रवाशाचा ठावठिकाणा नोंदवणाऱ्या ब्रिटनच्या अर्जात, भरावा लागे. हा फॉर्म पोहोचण्याआधीच्या ४८ तासांतच भरता येत असे. मी बरे झाल्याचे डॉक्टरांचे पत्रही सोबत ठेवले होते. ते कोणी मागितले नाही.

भारतात येणाऱ्यांसाठी मात्र तेव्हा नियम सैल झाले नव्हते. ११ जानेवारी २०२२ पासून सात दिवसांचे गृह विलगीकरण आणि आठव्या दिवसाची आरटी-पीसीआर या गोष्टी जोखमीच्या यादीबाहेरच्या देशांतून येणाऱ्यांनाही लागू झाल्या. आठव्या दिवसाचा अहवाल एअर सुविधा पोर्टलवर चढवायचा असे. त्यासाठी पासपोर्ट आणि आधीच्या अर्जाची माहिती हाताशी ठेवावी लागे, आणि तिकीट काढतानाच घरच्यांना सांगून ठेवावे लागे की पहिला आठवडा दार बंद राहील.